वेगाला वेसण

"आपला गाडा सरळ पळतो. मग त्यांच्या मोटारी एकाच जागी गोल गोल का फिरतात? आणि एवढा पैसा ओतून बांधलेले ते गोल ट्रॅक आता ओस का पडलेत?"

निरगुडसर, पारगाव, नागापूर, अवसरी या पट्ट्यात जो माणूस बैलगाड्याच्या घाटावर लहानाचा मोठा झाला, त्याला टीव्हीवर किंवा मोबाइलवर अमेरिकेतली मोटारशर्यत पाहताना हे दोन प्रश्न हमखास पडतात. प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर शास्त्रात आहे. दुसऱ्याचं उत्तर शास्त्र, पैसा, जमीन आणि माणसांच्या नात्यांत विखुरलेलं आहे. दोन्हींची उकल करताना आपल्याला आपल्या घाटाचीही मदत होईल, कारण घाटानेही भर बहर पाहिला, बंदी पाहिली आणि परत येणंही पाहिलं.

१. सरळ वाट कुठे पुरते, कुठे अपुरी पडते

बाहेरच्या वाचकासाठी आधी एक खुलासा. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर भागात शर्यतीचा 'घाट' म्हणजे वळणावळणाचा डोंगररस्ता नव्हे. चढावर आखलेली, दगडगोटे वेचून साफ केलेली मातीची सरळ पट्टी म्हणजे घाट. गाड्याला एक जोडी, तिच्यापुढे दुसरी जोडी, असे चार बैल आणि सगळ्यांपुढे धावणारी घोडी. गाड्यावर माणूस बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो. त्याला 'बारी' म्हणतात. बारी दहा-पंधरा सेकंदांत संपते, घड्याळ सेकंदाचे बारीक भागही टिपतं आणि दिवसभरात सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा 'घाटाचा राजा' होतो. सातारा-सांगलीकडे सपाट रानात अनेक गाडे एकदम सुटतात. आपल्याकडे शर्यत घड्याळाशी असते.

या खेळाला सरळ वाट पुरते, कारण धाव लहान आहे. लोक दोन्ही अंगांना उभे राहतात आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं पाहतात. शिवाय घाट चढाचा असतो. बैल जसजसे वर जातात तसतसा चढच त्यांचा वेग खातो. म्हणजे घाटाच्या रचनेतच ब्रेक आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामी येणार आहे.

आता मोटारीचं बघू. इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यत ५०० मैलांची, म्हणजे सुमारे ८०५ किलोमीटरची असते. पुण्याहून निघून नागपूर गाठायचं आणि वर आणखी काही अंतर जायचं, एवढं ते अंतर. ही शर्यत सरळ रस्त्यावर घ्यायची तर तो रस्ता बंद कोण करणार, आणि प्रेक्षक कुठे उभे राहणार? एका गावच्या माणसाला मोटार दिसेल ती फक्त क्षणभर. युरोपात सुरुवातीच्या शर्यती अशाच शहरातून शहरात होत असत आणि वाटेतल्या माणसांचे, जनावरांचे जीव जात असत.

तोडगा सोपा होता. लांबलचक रस्त्याची गुंडाळी करायची. अडीच मैलांचा वाटोळा रस्ता केला की २०० फेऱ्यांत ५०० मैल भरतात. प्रेक्षक एका जागी बसून सगळं पाहतो, भोवती कुंपण घालून तिकीट लावता येतं आणि दर चार किलोमीटरला मोटार पुन्हा समोर येते.

ही युक्ती घोड्यांच्या शर्यतीत आधीपासून होती. मुंबईचं महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ सालचं. तिथली लंबगोल वाट पाहिली की मोटारींच्या ट्रॅकचे पूर्वज दिसतात. अमेरिकेत तर पहिल्या मोटारशर्यती जत्रांच्या मैदानांवरच्या घोड्यांच्या गोल वाटांवरच झाल्या. मिलवॉकीच्या जत्रेच्या मैदानात १९०३ मध्ये मोटारी धावल्या. त्याआधी तिथे घोडे धावत असत. म्हणजे यात्रेतली शर्यत ही काही आपलीच खासियत नाही.

२. गोफणीतला दगड

पण गोल वाट म्हटली की वळण आलं, आणि वळण आलं की अडचण आली.

ज्वारीच्या शेतात पाखरं राखताना गोफण फिरवलेली आठवा. दगड गोल फिरतो, कारण दोरी त्याला सतत आत ओढून धरते. दोरीचं एक टोक सोडलं की दगड सुटतो आणि त्या क्षणी ज्या दिशेला तोंड असेल त्या दिशेने सरळ जातो. ही मेख नीट समजून घ्या. फिरणाऱ्या वस्तूला मुळात सरळच जायचं असतं, आणि तिला वळवायचं तर कुणीतरी आत ओढावं लागतं.

माळशेज घाटातून एसटीने जाताना वळणावर आपण खिडकीकडे ढकलले जातो असं वाटतं. खरं तर आपलं शरीर सरळ जाऊ पाहतं आणि बस आपल्या पायाखालून वळते. बसला वळवणारी दोरी म्हणजे टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. रस्ता ओला झाला, खडी पसरली की ही दोरी कमजोर होते आणि गाडी सरळ दरीकडे निघते.

आता छोटा हिशोब करू. समजा वळणाची त्रिज्या ३०० मीटर आहे. म्हणजे ते वळण ३०० मीटर लांबीच्या दोरीने काढलेल्या वर्तुळाचा तुकडा आहे. मोटार ताशी ३६ किलोमीटरने वळली तर तिला आत ओढायला तिच्या वजनाच्या साधारण तिसाव्या भागाएवढा जोर लागतो. हे काहीच नाही. वेग दुप्पट, म्हणजे ७२ केला तर जोर दुप्पट नाही, चौपट लागतो. १४४ ला सोळापट, म्हणजे वजनाच्या निम्म्याहून जास्त. २८८ ला चौसष्टपट, म्हणजे मोटारीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त.

वेग दुप्पट, ओढ चौपट. गोल ट्रॅकची पुढची सगळी कहाणी या चार शब्दांत दडली आहे.

३. उचललेली कड

टायरची पकड अपुरी पडली तर दुसरी दोरी आणायची कुठून? उत्तर जत्रेतच सापडतं. 'मौत का कुआँ'मध्ये मोटारसायकलवाला लाकडी भिंतीवर आडवा होऊन फिरतो आणि पडत नाही. तो सरळ जाऊ पाहतो आणि भिंत त्याला आत ढकलत राहते. पाण्याने भरलेला तांब्या दोरीला बांधून जोरात फिरवला तर पाणी सांडत नाही, तेही याचमुळे. तांब्याचं बूड पाण्याला आत ढकलत असतं.

ट्रॅक बांधणाऱ्यांनी हेच केलं. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उचलली, आतली खाली ठेवली. बशीच्या कडेसारखा उतार झाला. मग मोटार वळताना रस्ताच तिला आत ढकलू लागला. आपल्या महामार्गांच्या वळणांवरही बाहेरची बाजू थोडी उंच असते, फक्त ती डोळ्यांना पटकन जाणवत नाही.

हा कल किती उपयोगी पडतो? तेच ३०० मीटरचं वळण घ्या आणि टायरची पकड शून्य आहे असं धरा. कल ९ अंशांचा असेल तर केवळ उताराच्या जोरावर मोटार ताशी सुमारे ८० किलोमीटरने वळू शकते. कल ३१ अंशांचा केला तर हाच आकडा १५० च्या घरात जातो. त्यावरचा सगळा वेग टायरच्या पकडीवर आणि मोटारीला खाली दाबणाऱ्या हवेवर अवलंबून असतो. इंडियानापोलिसच्या वळणांचा कल ९ अंशांहून किंचित जास्त आहे, फ्लोरिडातल्या डेटोनाच्या ट्रॅकचा ३१ अंश.

उचललेली कड ही मोठी सोय होती, पण तिने एक मोह निर्माण केला. वळणावर वेग कमी करायची गरजच संपली. घाटात चढ वेग खातो, इथे उतार वेग वाढवू देतो. दोन धावपट्ट्यांचा मूळ फरक हा आहे.

४. ब्रुकलँड्स: जमीनदाराच्या रानातला ट्रॅक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रस्त्यावर मोटारीला ताशी २० मैल, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा होती. मोटार बनवणाऱ्यांना आपली गाडी किती पळते हे तपासायलाही जागा नव्हती. ह्यू लॉक किंग नावाच्या जमीनदाराने सरे परगण्यात आपल्याच जमिनीवर, आपल्याच पैशाने ट्रॅक बांधला. जून १९०७ मध्ये ब्रुकलँड्स सुरू झालं. मोटारींसाठी मुद्दाम बांधलेला, उचललेल्या कडांचा हा जगातला पहिला ट्रॅक. फेरी पावणेतीन मैलांची, रुंदी ३० मीटर, आणि उचललेली कड काही ठिकाणी जवळजवळ ९ मीटर उंच. म्हणजे दोन मजली घराएवढी.

उद्घाटनानंतर काही दिवसांतच एस. एफ. एज या चालकाने इथे एकट्याने २४ तास मोटार चालवली आणि ताशी सरासरी १०६ किलोमीटर वेग राखला. बाहेरच्या रस्त्यावर परवानगी असलेल्या वेगाच्या तिपटीहून हे जास्त होतं. गोल ट्रॅक का जन्मला याचं याहून चांगलं उत्तर नाही. वेगाला रस्त्यावर जागा नव्हती, म्हणून त्याच्यासाठी वेगळी जागा बांधली गेली.

सुरुवातीला इथले नियमही घोड्यांच्या शर्यतीचेच होते. मोटारींना क्रमांक नसत, चालक जॉकीसारखे रंगीत अंगरखे घालत. १९३५ मध्ये जॉन कॉब याने नेपियर-रेलटन मोटारीत ताशी २३० किलोमीटरच्या सरासरीने फेरी मारली. तोवर सिमेंट जागोजागी खचलं होतं आणि त्या खडबडीत कडेवरून त्याची मोटार चाकांसकट हवेत उडत असे.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि शर्यती थांबल्या. ट्रॅकच्या आत विमानांचे कारखाने होते. उचललेली कड काही ठिकाणी तोडण्यात आली, शत्रूला दिसू नये म्हणून ट्रॅकवर झाडं लावण्यात आली. १९४६ मध्ये जागा विमान कंपनीला विकली गेली. मोटारी तिथे पुन्हा शर्यतीत धावल्या नाहीत. आज शिल्लक कडा आणि संग्रहालय पाहायला लोक जातात.

५. विटा, फळ्या आणि वाळू

अमेरिकेतला सर्वांत नामांकित ट्रॅक इंडियानापोलिसचा, १९०९ सालचा. आधी तो खडी आणि डांबराचा होता. ऑगस्ट १९०९ मधल्या पहिल्याच मोटारशर्यतींत पृष्ठभाग उखडला आणि तीन दिवसांत पाच जणांचा बळी गेला. मालकांनी पुढच्या काही महिन्यांत ३२ लाख विटा अंथरल्या. ३० मे १९११ रोजी पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. रे हॅरून जिंकला, ताशी १२० किलोमीटरच्या सरासरीने. आता ट्रॅक डांबरी आहे, पण प्रारंभरेषेवर विटांची एक यार्डाची पट्टी जपून ठेवली आहे.

त्याच काळात लाकडी ट्रॅकची साथ आली. सायकलींचे लाकडी ट्रॅक बांधणाऱ्या जॅक प्रिन्स या माणसाने १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळ मोटारींसाठी लाकडी ट्रॅक उभारला, आणि पुढे असे ट्रॅक देशभर झाले. लाकूड स्वस्त, बांधणी झटपट, कल हवा तेवढा तीव्र. पण ऊन-पावसात फळ्या कुजत. शर्यत चालू असताना सुतार खाली उभे राहून तुटलेल्या फळ्या ठोकत असत. बहुतेक ट्रॅक पाच-सात वर्षंही टिकले नाहीत. बेव्हर्ली हिल्सचा ट्रॅक १९२० मध्ये सुरू झाला आणि १९२४ मध्ये बंद पडला, कारण त्या जमिनीची किंमत शर्यतीच्या कमाईच्या कितीतरी पुढे गेली होती. पुढे १९२९ च्या मंदीने उरल्यासुरल्या लाकडी ट्रॅकचाही निकाल लावला.

तिसरी पिढी फ्लोरिडातली. डेटोनाला लोक आधी समुद्राच्या ओल्या वाळूवर शर्यती घेत. बिल फ्रान्स या माणसाने १९५९ मध्ये तिथेच ३१ अंशांच्या कडा असलेला अडीच मैलांचा ट्रॅक बांधला. कडा उचलायला माती हवी होती, ती मधल्या जागेतून उपसली आणि त्या खड्ड्याचं तळं झालं. शेततळं खणून त्याच मातीचा बांध घालावा, तसाच हा प्रकार. पुढची चार दशकं अमेरिकेत अशा ट्रॅकची भरभराट झाली.

६. उतरती कळा: चार कारणं

मग ते ओस का पडले? कारण एक नाही. चार पाहू.

पहिलं कारण शरीर. 'वेग दुप्पट, ओढ चौपट' हा नियम माणसालाही लागू आहे. एप्रिल २००१ मध्ये टेक्ससच्या ट्रॅकवर सरावात मोटारी ताशी ३७० किलोमीटरच्याही पुढे गेल्या. वळणावर चालकांवर त्यांच्या वजनाच्या पाचपट जोर येऊ लागला. साठ किलोच्या माणसाने स्वतःला तीनशे किलोचं समजावं, तेही प्रत्येक वळणावर, फेरीमागून फेरी. बहुतेक चालकांना गरगरू लागलं. प्रेक्षक आलेले असताना, शर्यतीला काही तास उरले असताना ती रद्द करावी लागली. यंत्र पळायला तयार होतं, माणूस नव्हता.

दुसरं कारण अपघात. गोल ट्रॅकवर मोटारी एकमेकींना चिकटून, पूर्ण वेगात असतात आणि बाहेरच्या अंगाला भिंत व प्रेक्षक असतात. इटलीतल्या मोंझाला उचललेल्या कडांचा भव्य ट्रॅक होता. १९६१ च्या शर्यतीत वोल्फगांग फॉन ट्रिप्स हा चालक आणि १५ प्रेक्षक ठार झाले. तो अपघात उचललेल्या कडेवर झाला नव्हता, तरी त्या वर्षानंतर फॉर्म्युला वनच्या मोटारी मोंझाच्या कडांवर पुन्हा धावल्या नाहीत. त्या कडा आजही तिथल्या झाडीत उभ्या आहेत.

तिसरं कारण जमीन. मोठ्या ट्रॅकला शेकडो एकर लागतात आणि वापर वर्षातून मोजके दिवस. चाकणच्या आसपास एकराचा भाव कुठून कुठे गेला हे आंबेगावच्या वाचकाला सांगायला नको. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओचा ट्रॅक १९७० ते १९८० एवढाच जगला. त्याच्या जवळच फोंटानाचा ट्रॅक १९९७ मध्ये सुरू झाला. २०२३ मध्ये तिथे शेवटची मोठी शर्यत झाली आणि त्याची बहुतांश जमीन विकण्यात आली. बर्लिनच्या आव्हुस ट्रॅकची ४३ अंशांची विटांची कड १९६७ मध्ये रस्त्याच्या कामासाठी पाडली गेली. महालक्ष्मीचंही तेच. भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला, जागेवरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि अखेर २०२४ मध्ये १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचं ठरलं.

चौथं कारण सर्वांत कमी बोललं जातं, ते म्हणजे नातं. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सित्जेस-तेरामार इथे १९२३ मध्ये देखणा ट्रॅक झाला. पहिल्याच वेळी ठेकेदारांची देणी थकली. त्यांनी तिकिटांचं उत्पन्न ताब्यात घेतलं आणि विजेत्यांच्या बक्षिसाला पैसे उरले नाहीत. ट्रॅक लवकरच मोडीत निघाला आणि पुढे तिथे कोंबडीपालनही झालं. इंग्लंडमध्ये रॉकिंगहॅमला २००१ मध्ये आणि जर्मनीत लाउझित्सला २००० मध्ये अमेरिकी धर्तीचे ट्रॅक बांधले गेले. रॉकिंगहॅमला २०१८ मध्ये शेवटची शर्यत झाली, लाउझित्सचा ट्रॅक २०१७ मध्ये वाहनतपासणी करणाऱ्या संस्थेने घेतला. भोवतालच्या लोकांच्या दिनदर्शिकेत या ट्रॅकला स्वतःचा दिवस नव्हता. शर्यत थांबली तेव्हा कुणाचा सण हुकला नाही.

गोल ट्रॅक पूर्ण संपले मात्र नाहीत. काही प्रयोगशाळा झाले. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला २०२१ मध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक वाहनांच्या चाचणीसाठी आहे. ब्रुकलँड्सची मूळ गरज, गाडी किती पळते हे सुरक्षित जागी तपासणं, तिथे आजही भागवली जाते.

७. इंजिनाला घातलेली वेसण

अमेरिकेत मात्र गोल ट्रॅकचा खेळ आजही जिवंत आहे. तो टिकला कसा?

१९८७ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बिल एलियट याने ताशी ३४२ किलोमीटरच्या वेगाने फेरी मारली. त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची मोटार हवेत उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. काही प्रेक्षक जखमी झाले. मोटार आणखी थोडी वर गेली असती तर माणसांच्या गर्दीत पडली असती.

आयोजकांनी यातून धडा घेतला. १९८८ पासून टॅलाडेगा आणि डेटोना या सर्वांत वेगवान ट्रॅकवर प्रत्येक मोटारीच्या इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर भोकं पाडलेली एक पातळ धातूची पट्टी बसवणं सक्तीचं झालं. चुलीत हवा कमी गेली की जाळ मंदावतो, तसं इंजिनाला हवा कमी मिळाली की ताकद कमी होते. पुढे पट्टीचं रूप बदललं, तत्त्व तेच राहिलं. मस्तवाल बैलाच्या नाकात वेसण असते, तशीच ही इंजिनाच्या नाकातली वेसण.

२००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट हा लोकप्रिय चालक शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून मरण पावला. त्यानंतर मानेला झटका बसू नये म्हणून शिरस्त्राण खांद्यांशी बांधून ठेवणारं साधन सक्तीचं झालं. २००२ मध्ये इंडियानापोलिसला भिंतीपुढे आणखी एक लवचिक भिंत आली. पुढे पोलादी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे. दगडी बांधावर आदळणं आणि पाचटाच्या गंजीत घुसणं यात जो फरक, तोच या दोन भिंतींत.

मोटारी थोड्या हळू पळू लागल्या, पण खेळ वाचला.

८. घाटाची साडेसाती

आता आपल्या घाटाकडे परत येऊ. मोटारी फोफावण्याच्या कितीतरी आधीपासून इथे यात्रा आणि गाडा यांची सांगड आहे. नागापूरच्या थापलिंगाची पौष पौर्णिमेची यात्रा असो की चैत्रातल्या गावोगावच्या यात्रा, देवाला भंडारा आणि घाटाला गाडा हा क्रम ठरलेला. शेतात ट्रॅक्टर आल्यावर कामाचे बैल कमी झाले, पण शर्यतीच्या हौसेने खिलार बैल दावणीला राहिला.

मग प्रश्न उभा राहिला तो शरीराचाच, बैलाच्या शरीराचा. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने ज्या प्राण्यांचे खेळ करता येणार नाहीत अशांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, आणि त्याला पळवण्यासाठी मारहाण व छळ होतो, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. घाटावर वावरलेल्या माणसाने हे म्हणणं झटकून टाकू नये. शेपटी पिरगाळणं, टोचणं, काठी मारणं हे प्रकार होत होते, आणि त्यांच्यामुळेच घाट न्यायालयात गेला.

२०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. पण उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास रोखलं आणि २०१८ मध्ये हा सगळा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाकडे गेला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त कायद्याच्या अटींवर शर्यतींना वाट मोकळी केली. २०१४ च्या निकालापासून मोजलं तर सात वर्षं सात महिने. अक्षरशः साडेसाती. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा कायदा वैध ठरवला.

त्या अटी नीट वाचल्या तर ओळखीच्या वाटतील. धाव जास्तीत जास्त एक हजार मीटरची. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. बैलांची पशुवैद्यकीय तपासणी. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांना मनाई. मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. टॅलाडेगाची ती भोकांची पट्टी आणि ही नियमावली यांचं काम एकच आहे. धावणाऱ्याचं शरीर झेपेल तिथेच वेगाला थांबवायचं.

९. मे २०२३: दोन धावपट्ट्या

शेवटी एक योगायोग. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात नॉर्थ विल्क्सबरो नावाचं लहान गाव आहे. १९४७ मध्ये तिथे जेमतेम एक किलोमीटर फेरीचा गोल ट्रॅक झाला. १९९६ मध्ये मोठ्या शर्यती दुसऱ्या, मोठ्या ट्रॅककडे गेल्या आणि हा ओस पडला. फरशीतून गवत उगवलं, बाकं मोडली. पण भोवतालचे लोक आणि जुने चालक त्याला विसरले नाहीत. लोकांनी रेटा लावला, राज्य सरकारने पैसा दिला, आणि २१ मे २०२३ रोजी तिथे पुन्हा भरगच्च प्रेक्षकांसमोर मोठी शर्यत झाली.

आपला निकाल १८ मे २०२३ चा. एकाच आठवड्यात, पृथ्वीच्या दोन टोकांना, मेलेल्या समजल्या गेलेल्या दोन धावपट्ट्यांचं पुनरागमन पक्कं झालं. एक गोल, एक सरळ. एकीवर इंजिन, दुसरीवर खिलार बैल. दोन्हींच्या मागे गाव होतं.

सुरुवातीच्या दोन प्रश्नांची उत्तरं आता थोडक्यात देता येतील. मोटारी गोल फिरतात, कारण त्यांना लांब पळायचं असतं आणि लोकांना एका जागी बसून पाहायचं असतं. गोल ट्रॅक ओस पडले, कारण बऱ्याच ठिकाणी वेग शरीराच्या पुढे गेला, जमिनीचा भाव खेळाच्या पुढे गेला आणि पाठीशी उभं राहणारं गाव नव्हतं. जे टिकले त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: आपलं म्हणणारी माणसं आणि वेगाला घातलेली वेसण.

घाटाला पहिली गोष्ट उदंड मिळाली आहे. दुसरी आपल्या हातात आहे. म्हणून गाडामालकांना, यात्रा कमिट्यांना आणि घाटाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं आहे. बैलावर काठी उगारू देऊ नका. तपासणी कागदावर उरकू नका. गाडा सुटायच्या आधी घाटातली माणसं, विशेषतः लेकरं, बाजूला काढा. कायद्याने उघडलेला घाट कायदा मोडून पुन्हा बंद होऊ शकतो, आणि तेव्हा दोष न्यायालयाला देता येणार नाही.